एका नाडीचे नऊ मणी

समन्याय केंद्राच्या पडद्यावर मोहरटेक पाड्याचे नऊ ठिपके पुन्हा एकदम लाल झाले, तेव्हा डॉ. गार्गी खानोलकरांना शंका आली. साथ इतकी शिस्तीत कधी येते?

आता प्रत्येक मुलाच्या करदोट्यात आरोग्यमणी असे. ताप, श्वास, नाडी तो केंद्राच्या समन्यायक यंत्राला कळवी आणि हवाई रुग्णवाहिका कुठं धाडायची, ते यंत्र ठरवी. बंगल्यातल्या पोराला पडसं झालं म्हणून ती उडत नसे, याचं केंद्राला फार कौतुक. पण सातपुड्यात एका पोरासाठीही ती उडत नसे. फेरी सार्थकी लागायला नऊ लाल ठिपके हवेत, हा यंत्रकार सारंग दातार यांचा हिशोब.

या खेपेला गार्गी स्वतः विमानातून गेल्या. खाटेवर एकच मुलगी धापा टाकत होती आणि तिच्या कमरेला नऊ मणी होते. बाकीची आठ पोरं विमानाच्या पंख्याची नक्कल करत अंगणभर फिरत होती.

भुरीबाई पावरा, त्या मुलीची आजी, जराही ओशाळली नाही. "तुमचं विमान एकट्यासाठी येत नाही, ताई. मग आम्ही सगळ्यांचे मणी आजाऱ्याला बांधतो. पण कुणाला सांगू नका."

गार्गींनी शब्द दिला. मुलगी वाचली. आणि परतल्यावर त्यांनी चहाच्या टेबलावर सारंगला सगळं रंगवून सांगितलं. आपला नियम किती खुळा आहे, हे पटवायलाच. सारंग पोट धरून हसला. नियमच बदलतो म्हणाला. गार्गींना भरून आलं.

हिवाळ्यात मोहरटेकला गोवर आला. नऊच्या नऊ पोरं तापानं फणफणली. मणी ज्याचे त्याच्या कमरेला होते. पडद्यावर मात्र पाडा हिरवागार.

"दर फेरीच्या वेळी नऊ मण्यांत एकच नाडी," सारंगनं शांतपणे समजावलं. "म्हणजे मूल एकच, असं यंत्र आता धरतं. एका मुलाला नऊ नाड्या कशा असतील? मणी बिघडलेत, असा त्याचा निष्कर्ष."

"तू नियम बदलतो म्हणाला होतास."

"बदलला की. कोणता, ते तू विचारलं नाहीस."

हातानं विमान सोडायची कळ नव्हती. कुणाचा वशिला चालू नये म्हणून ती गार्गींनीच हट्टानं काढायला लावली होती. त्यांनी जीप धाडली. घाटातून ती दुसऱ्या दिवशी पोचणार होती.

तेवढ्यात भुरीबाईचा फोन आला. विमान का येत नाही, तिला कळेना. म्हणून तिनं नेहमीचा उपाय केला होता. सगळ्यात अत्यवस्थ पोराला नऊही मणी बांधले होते.

गार्गींनी पडद्याकडे पाहिलं. नऊ मण्यांत आता एकच नाडी होती, यंत्राला पटेल अशी. बिघाडाचा शेरा पुसला गेला आणि निर्णय उमटला: 'मोहरटेक. मुलं: एक. आजवरच्या फेऱ्या राज्यात सर्वाधिक. समन्यायासाठी रांगेत शेवटी.'

"दिसलं ना यंत्राला?" भुरीबाई विचारत होती.

"दिसलं," गार्गी म्हणाल्या.

"मग निघालं का विमान?"

पलीकडे एक पोर खोकत होतं, मग दुसरं.

"ताई," भुरीबाई सावकाश म्हणाली, "तुम्ही कुणाला सांगितलंत?"