घोडीआधीचा घोट

चहा काळा झाला. दूध घातलं, तरी काळाच.

दावणीला दोन बैल. अंग असं, की माशी बसली तर घसरावी.

हापशाच्या तोटीखालच्या दगडावर तांबडी कड.

घोडीच्या शेपटीचा हातभर केस, प्रयोगशाळेत तुकडे करून तपासलेला.

एका माणसाच्या उघड्या छातीवर काळपट ठिपके, धुळीवर चार थेंब पडावेत तसे.

यातलं काहीच रूपचंदला महत्त्वाचं वाटलं नाही. चहाचं तेवढं वाईट वाटलं.

रूपचंद म्हणजे संध्या पाडवीचा ड्रायव्हर, साथीदार आणि, तिच्या मते, तिच्या खासगी तपास कचेरीचं पोट. नंदुरबारहून दोघं सकाळीच सारंगखेड्याला, दिलवरसिंग गिरासेंच्या मळ्यात पोचले होते. घोड्यांची यात्रा तोंडावर आलेली आणि गिरासेंची पांढरी घोडी, चांदणी, खंगत चाललेली. डॉक्टरांनी तिचे केस तपासायला पाठवले. त्यात सोमल निघाला. आर्सेनिक. विष.

"पोलिसकडे जावाना पहिले तुमले बलायं," दिलवरबापू म्हणाले. "चांदणीले सांभाळस तो जालम मन्हा हातखाले वाढेल शे. पण चंदन म्हणस, तोच विष दी ऱ्हायना. तसं व्हई तर आज सांजले त्याले पोलिसना हातमा देसू." बोलताना त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

चंदन हा त्यांचा मुलगा. संध्याने आधी त्यालाच धरलं.

"चिमूटभर सोमल दिला की घोड्याच्या अंगाला तकाकी येते म्हणतात. जुने व्यापारी यात्रेआधी द्यायचे. घोडी तुम्हीच विकणार ना?"

"दिवाळीत ठरवलं. तकाकीसाठी शाम्पू आणलाय, ताई," चंदन म्हणाला. "ती विकली जाऊ नये असं वाटणारा मळ्यात एकच माणूस आहे. चारा त्याच्या हातात, पाणी त्याच्या हातात."

"बैलांचा चारा वेगळा?"

"एकाच कोठीतला. बैल फक्त पाण्याला विहिरीवर जातात."

"आणि तुम्ही घरचे?"

"आम्ही गावात राहतो. नळाचं पितो."

जालमसिंग पावरा सातपुड्यातून पोरवयात आलेला, आता पन्नाशीचा, गोठ्याला लागूनच राहणारा. त्याने केलेल्या चहाचा रिकामा पेला परत देताना रूपचंदचा हात त्याच्या तळव्याला लागला.

"काय हात म्हणायचा का काय, दादा. जवारीचं कणीस धरल्यागत."

"लगाम धरी धरी," जालमसिंग हसला.

"विहीर एवढी जवळ," संध्या म्हणाली, "मग घोडीला हापशाचं पाणी का?"

"इहिरमा बेडूक ऱ्हातस, ताई. बोअरनं पानी काचसारखं. चांदणीले बेडूक पाजू का?"

त्याने बादली भरली. तांब्या बुडवून आधी स्वतः गटागटा प्यायला. मगच घोडीने बादलीत तोंड घातलं.

"हे काय?"

"आधी मी पेस, मंग ती पेस. नही तं ती तोंड लावस नही."

"म्हणूनच सांगतो," चंदन म्हणाला, "विष चाऱ्यात आहे. पाण्यात असतं तर हाच आधी मेला असता."

रूपचंदला ते साफ पटलं. त्याने संध्याकडे पाहिलं, तर ती दोन बाटल्या भरत होती, एक विहिरीवर, एक हापशावर. मग तिने डॉक्टरांना फोन लावला आणि एकच विचारलं, "केसात सोमल कुठे आहे? मुळाशी, की टोकाशी?"

दुपारी ती सगळ्यांना घेऊन गोठ्यात बसली.

"घोडी विकायची ठरली दिवाळीत. तकाकीसाठी दिला असो की विक्री मोडायला, सोमल केसाच्या मुळाशीच सापडायला हवा. पण तो मुळापासून टोकापर्यंत सारखा आहे. हातभर केस वाढायला वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणजे तेव्हापासून तरी ती रोज सोमल खातेय. यात्रा नसतानाही. चारा बैलांचाच, आणि बैल बघा कसे आहेत. वेगळं काय उरलं?"

"पाणी," रूपचंद म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

"तुझ्या चहानेच तर सांगितलं, तोही हापशाच्याच पाण्याचा. पाण्यात लोखंड जास्त असलं की चहा काळा पडतो, दगडावर तांबडं बसतं. लोखंड असलं म्हणजे सोमल असेलच असं नाही. पण शंका घ्यायला तेवढं पुरे."

तिने पाण्यातला सोमल तपासायच्या कागदाच्या दोन पट्ट्या पुढे ठेवल्या. विहिरीची पांढरी. हापशाच्या बोअरची तपकिरी, म्हणजे सोमल.

"टाकला कुनी?" बापूंनी विचारलं.

"कुणीच नाही, बापू. खाली तापीचा हजारो वर्षांचा गाळ आहे. त्याच्या कणांवर लोखंडाचा गंज, आणि कुठे कुठे त्या गंजाला सोमल चिकटलेला. उथळ विहिरीत हवा पोचते, तिथे तो सहसा चिकटूनच राहतो. खोल, बिनहवेच्या गाळात जुना पाचोळा कुजतो, गंज विरघळतो, आणि सोमल पाण्यात उतरतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. काचेसारखं पाणी."

"मग जालम कसा धडधाकट?" चंदनचा आवाज आता खाली आला होता.

संध्याने जालमसिंगचे दोन्ही तळवे उजेडात धरले. मग छातीवरच्या ठिपक्यांकडे बोट केलं.

"लगाम छातीनेही धरतोस का, दादा? हे घट्टे आणि हे ठिपके, दोन्ही वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या सोमलाचे."

जालमसिंग बादलीकडे बघत राहिला.

"म्हणजे मीच तिले पाजं," तो म्हणाला.

"तू आधी प्यायलास," संध्या म्हणाली.

बापू उठले, त्याच्याजवळ बसले आणि तो खरखरीत हात त्यांनी आपल्या हातात घेतला. "चांदणी यात्राले जाई नही. आनि तू आत्ते दवाखानामा चाल. चंदन, गाडी काढ."

"मी गऊ तं हिले पानी कोन पाजी?"

रूपचंदने विहिरीचं पाणी शेंदून आणलं. घोडीने हुंगलं, मान फिरवली. तेव्हा दिलवरसिंग गिरासे, फेटा सावरत, बादलीपुढे वाकले आणि तांब्याभर प्यायले. घोडी बघत राहिली. ते पुन्हा प्यायले.

मग तिने तोंड घातलं.

चांदणीची आई तिला जन्म देऊन मेली होती. शिंगरू बादलीतल्या दुधाला तोंड लावेना, तेव्हा जालमसिंगने गुडघे टेकून आधी स्वतः पिऊन दाखवलं होतं.