आत माणूस आहे

परभणीला वसमत रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात मी सॉफ्टवेअरच्या चाचणीचं काम करते. विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचं यंत्र आम्ही बनवलंय. त्यात 'आत माणूस आहे' असं एक बटण आहे. ते दाबलं की मोटार चालू होताच कामा नये. दर शुक्रवारी सगळ्यांनी बसून आपलं काय चुकलं ते बोलायचं, असा आमचा नियम. बोलायचं म्हणजे चहा प्यायचा आणि 'सगळं ओके' म्हणून उठायचं!

त्या शुक्रवारी दुपारी माझ्या एकदम लक्षात आलं. ऑफिसला इन्व्हर्टर आहे, त्यामुळे टेबलावरच्या आमच्या चाचणीच्या मोटारीची लाइट कधी जातच नाही. शेतात ती रोज जाते. परत आल्यावर काय होतं, हे आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. धन्य आहे आमची!

मी बटण दाबलं, इन्व्हर्टर बंद केला आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले. कुठूनसा शेवाळाचा ओला वास यायला लागला. मेन वर केला, तर बटण दाबलेलं असूनही मोटार घुरघुरली.

मोटार चालू झाली की यंत्र मालकाला फोन करून कळवतं, तसा लगेच माझ्या मोबाईलवर फोन आला. आमच्या ऑफिसातल्या रेणुकाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग वाजलं, "मोटार चालू झाली आहे." मग फोनमध्ये पाणी ठिबकायला लागलं... आणि एक थकलेला म्हातारा आवाज आला.

"थांब ना माय... मी आत हाय."

 मी मेन पाडला.

मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. आमचे मालक योगीराज सर हसले. "राजेश्री, उद्या मानवतला यंत्रांचं वाटप हाय. ती चाचणी काढून टाक. माझ्या शेतावर आठवडा झाला बसवून, काय झालं?"

"न्हाई काढणार," मी म्हटलं. "चूक ऐकायचीच न्हाई तर शुक्रवारी बसता कशाला?"

"नोकरी करायची का न्हाई?"

"करायची हाय. हीच करायलेय."

कधी न बोलणारी रेणुका मान वर करून म्हणाली, "सर, त्यात आवाज माझा हाय. माणूस मेल्यावर तोच ऐकू येणार घरच्यांना..."

तेवढ्यात टेबलावरचा माझा मोबाईल वाजला, यंत्राचाच फोन. मेन मी पाडलेलाच होता, मोटार बंद होती. मी स्पीकर लावला. ठिबकणारं पाणी या वेळी सगळ्यांनीच ऐकलं.

"माय... सायबाच्या हिरीत दुसरा उतरलाय."

"हा तर आमचा आधीचा सालगडी... परसाल त्याच हिरीत गेला," सर पुटपुटले. मी त्यांच्या हातातला मोबाईल हिसकावला आणि त्यांच्या शेतावरच्या यंत्रातलं, लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारं 'ऑटो' काढून टाकलं. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला होता.

थोड्या वेळानं त्याच मोबाईलवर सरांच्या आताच्या सालगड्याचा, बजरंगचा फोन आला; मी स्पीकर लावला. त्याला धाप लागली होती.

"सर, ते बटण दाबून वायर जोडायला हिरीत उतरलो हुतो. पाय निसटून पाण्यात पडलो. तेवढ्यात लाइट आली, पर मोटार बंदच राह्यली. वाचलो बगा."

 सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मानवतचं वाटप थांबवा."

फोन अजून चालूच होता.

"पर सर," बजरंग हळूच म्हणाला, "हिरीत मी एकलाच हुतो... मग मला खालून वर ढकललं कुणी?"