माइक चालू असताना

वणीच्या बसस्टँडसमोर माह्या नातीच्या, शीलाच्या, मांडीवरून जुना साऊंडचा डब्बा घसरला आन् चालत्या ऑटोतून खाली चालला. पोत्यात बांधलेला, चांगला वजनदार डब्बा. कोनाच्या पायावर पडता तर त्याचा पाय गेला असता. तेवढ्यात रस्त्याच्या कडेले उभ्या असलेल्या एका पोरानं तो एका हातानं झेलला. दुसऱ्या हातात चहाचा कप होता. त्यातला एक थेंब सांडला नाई. दोन-चार सांडले असतील, पन मी सांगते तेव्हा सांडू देत नाई.

ऑटो थांबला. शीला उतरून धावत आली.

"घरातून साऊंड घेऊन पळून चालल्या का?" पोरगा म्हने.

"जळला हाय तो. दुरुस्तीले आनला."

"मंग बरोबर हातात पडला." त्यानं मागच्या पाटीकडं मान हलवली. पाटीवर लिवलं होतं — 'राठोड साऊंड'. शर्टाच्या खिशावरही लाल धाग्यानं तेच.

शीलाचं हसू ओठावरच अडलं.

कारन आम्हीही राठोड. शीलाचा बाप नेमसिंग राठोड, माहा पोरगा, राजूरजवळच्या आमच्या तांड्यावर शेती करते. आन् आमच्या बंजाऱ्यात एका गोतीचे पोरगा-पोरगी म्हंजे भाऊ-बहीन. ओळख असो नसो, भिया म्हनाचं आन् पुढं चालाचं. लग्नाचं नाव काढलं तर सारा तांडा कानावर हात ठेवीन. तुम्ही म्हनाल, पोराले गोत विचारून पाहाची... थे तर त्याहून कठीन. आमच्या तांड्यात पोरीनं पोराले गोत विचारली का लोक लग्नाच्या मांडवासाठी बांबू तोडाले निघतात.

म्हनून शीला खाली पाहून म्हनली, "मेहरबानी झाली, भिया."

पोराचा चेहरा वीज गेल्यावानी झाला. 'भिया' ऐकल्याबरोबर त्याले समजलं का पोरगी आपल्यातलीच हाय. आन् आपल्याले भाऊ करून मोकळीही झाली.

पोराचं नाव बादल. त्यानं दुकानात डब्बा उघडला, आत जळका वास. "याची माती झाली," तो म्हने. "स्पीकर कसे हायेत?"

"पाचही चांगले. बाच्या जिवाचे हायेत थे."

खोटं नाई सांगत. मागल्या पोळ्याले नेमसिंगनं आवाज वाढवला, तर राजूरच्या खानीतल्या लोकायले वाटलं का दुपारचं ब्लास्टिंग झालं. डबे उघडून सारे जेवाले बसले.

"मंग स्पीकर राहू द्या. नवा रिसीव्हर घ्या," बादल म्हने. "टीव्हीचा आवाज घेते आन् पाचही स्पीकरायले वाटून देते." त्यानं काउंटरवर दोन डब्बे ठेवले. एक मोठा, निळे दिवे लावून सजलेला. एक लहान, साधा, काळ्या रंगाचा.

"हा मोठा पाहा. हजार वॅट."

"खोक्यावर लिवलेले का खरेखुरे?"

बादल तिच्याकडं पाहातच राह्यला. "वाचून आल्या वाटते."

"तुम्ही सांगा ना, भिया."

"खरे शंभराच्या आत. पन तुमच्या हॉलले तेवढे लय झाले."

"आमचे स्पीकर सहा ओहमचे हायेत. गरम होऊन बंद नाई पडनार?"

"मागं हवेले जागा सोडा, नाई पडनार. दोन्ही झेपवतात."

"मंग फरक काय दोन्हीत?"

 लहान डब्ब्याच्या खोक्यातून बादलनं एक माइक काढला. लांब वायर, आन् शेवटी कानातल्या फुलाएवढं बोंड. "याच्यासंगं हा येते. जिथं मानूस बसते तिथं, कानाच्या उंचीवर ठेवाचा. रिसीव्हर एकेका स्पीकरातून आवाज सोडते, हा ऐकते... कोनता दूर, कोनता जवळ. मंग सारं आपोआप जुळवून देते. फक्त तेवढा वेळ घरात कोनी बोलाचं नाई."

"आन् मोठा घेतला तर?"

"मोठा ऑटोत टाकून देतो. वायरी लावा, चालू करा. माहं काम पडत नाई."

"लहान घेतला तर?"

"लहान्याले..." त्यानं वायर बोटाले गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "दुकानचा मानूस घरी येते. नियम हाय."

असा नियम जगात कोनत्याच दुकानात नाई. शीलालेही माहीत होतं. माइक कसा ठेवाचा, त्याचे व्हिडिओ ती पाहून आलती. बाहेर कोळशाचा ट्रक गेला, काउंटरची काच थरथरली. शीलाचा हात मोठ्या डब्ब्यावर होता. तोंडानं भियाच म्हनली, पन हात आपल्या मनानं सरकत-सरकत लहान्यावर गेला.

"हा द्या, भिया."

"भिया म्हनलंच पाहिजे का?" तो हळूच म्हने.

"म्हनलंच पाहिजे."

घरी येऊन मले सारं सांगलं, पन थे पोरगी जेवलीच नाई.

त्यात दिग्रसच्या चव्हानायचा निरोप येऊन पडला. पोरगा इंद्रजीत, चांगला शिकलेला, त्याचा बाप नेमसिंगच्या ओळखीचा. पोरगी त्यायनं एका लग्नात पाहून ठेवलती. आता शनिवारी संध्याकाळी लग्नाच्या बोलनीले येतो म्हने. नेमसिंगनं मनात पक्कं केलं — संध्याकाळी शब्द देऊन टाकाचा. आन् पाव्हने यायच्या आधी नवा साऊंड वाजला पाहिजे.

"नाई म्हन ना मंग," मी शीलाले म्हनलं.

"कोनासाठी नाई म्हनू, दादी? भावासाठी?"

"कायचा भाऊ? अजून गोत कुठं माहीत हाय त्याची?"

"पाटीवर लिवली हाय. शर्टावर शिवली हाय. दुकानात येते तो मानूस 'ए राठोड' म्हनते आन् हा ओ देते."

"तरी विचारून पाय."

"आन् राठोडच निघाला तर? विचारलं म्हंजे मनातलं सांगूनच टाकलं. मंग त्याच्यासमोर उभी कशी राहू मी?"

"तर मी विचारते."

"तू विचारलं तर वणी तालुका ऐकन. माही शपथ हाय तुले."

आता शपथ घातल्यावर मानूस काय करन. मी तोंड बंद ठेवलं. तोंड म्हनलं मी, ध्यानात ठेवा.

शनिवारी दुपारी बादल आला. गाडीच्या मागं डब्बा बांधलेला, केस धुळीनं पांढरे झालेले. हॉलमध्ये पाय ठेवला आन् थबकला. आमच्या हॉलात वेचनीचा कापूस अर्ध्या भिंतीपर्यंत रचला होता.

"हा कापूस इथंच राह्यते का?" त्यानं शीलाले विचारलं.

"भाव येईपर्यंत."

"कापूस आवाज पिऊन टाकते. तो हलला का मोजनी पुन्हा करा लागन." तो कापसाकडं पाहून बोलत होता. "मंग मी... पुन्हा येऊन जाईन."

शीलानं ओढनीचं टोक घट्ट धरलं. "कायले तकलीफ, भिया. मी करून घेईन. मले येते."

"येते?"

"हो."

"मंग मले आज काहून बोलावलं?"

तेवढ्यात नेमसिंग आत आला आन् सोफ्याच्या बाजूच्या खुर्चीत बसला. नवं धोतर, खांद्यावर नवा गमछा. "लवकर उरकवजो बापू," तो म्हने, "संध्याकाळी पोरीचे पाव्हने येऊन राह्यले."

बादलच्या हातातला स्क्रू खाली पडला. कुठं गेला कोन जाने. तो वाकून शोधत राह्यला, आन् स्क्रू त्याच्या पायापाशीच पडून होता.

त्यानं वायरी लावल्या. सोफ्यावर स्टीलचा डबा पालथा घातला, त्याच्यावर माइक ठेवला. "आता कोनी बोलाचं नाई, हलाचं नाई," म्हनून बटन दाबलं. पहिल्या स्पीकरातून 'हूंऽऽऽ' निघालं, मंग दुसऱ्यातून. बादल सोफ्याच्या या टोकाले, शीला त्या टोकाले. दोघांच्या मधात फक्त माइक.

तेवढ्यात मले शिंक आली. आनली म्हना.

टीव्हीवर आलं — आवाज फार आहे, पुन्हा सुरू करा.

"दादी," शीला दात आवळून म्हनली.

"कापूस नाकात गेला. मी काय करू?"

मी तरी शिंकून शिंकून पोराले किती वेळ थांबवनार होती? बादलनं पुन्हा बटन दाबलं. घर एकदम चूप झालं. पंखा बंद, खिडकी बंद, श्वाससुद्धा दाबून. शीलाच्या कपाळावर घाम आलता. बादल तिच्याकडं पाहात नव्हता. भिंतीवर तिच्या लहानपनीचा फोटो होता, तो पाहात होता. अशी शांतता की कापसातली सरकी मोजून घ्या.

नेमसिंगच्या मांडीवरला फोन थरथरला. त्यानं वाचला. गालात हसला. बोलाचं नाई म्हनून त्यानं फोनची काच शीलाकडं फिरवली.

'निघालो.'

शीलानं वाचलं. बादलनंही वाचलं. त्यानं डोळे खाली घातले, आन् उरलेली वायर आवाज न करता हातावर गुंडाळाले लागला. मंग स्क्रूड्रायव्हर उचलला. थैलीत ठेवला. मोजनी झाली का निघाचं, असं त्याच्या पाठीवर लिवलं होतं.

चौथा स्पीकर वाजून राह्यला होता. आन् शीला बोलली. मराठीतून नाई... आमच्या गोर बोलीतून, आईशी बोलतो त्या बोलीतून.

"तमारो गोत कांई छ?"

स्पीकर मधातच थांबला. टीव्हीवर पुन्हा तेच आलं — आवाज फार आहे. कोनी पाह्यलं नाई.

नेमसिंगचं तोंड उघडंच राह्यलं. बादल थैलीवर वाकलेला होता, तसाच. मले वाटलं, हा पोरगा आता राठोड म्हनते आन् माही नात इथंच खाली बसते. त्यानं वायर खाली ठेवली. सरळ झाला. शीलाकडं पाह्यलं — पहिल्यांदा नीट, चोरून नाई.

"म पवार छू."

शीलानं सोफ्याची पाठ धरली.

"दुकान मामाचं हाय," तो म्हने. "लखीराम राठोड माहे मामा. बाप गेला तेव्हापासून माय आन् मी त्यायच्याच घरी हावो."

"मंग लोक राठोड म्हनतात तर ओ कायले देते तू?" शीला एकदम 'तुम्ही'वरून 'तू'वर आली.

"गिऱ्हाईकाले दुकानाचं नाव पाठ राह्यते, माहं नाई राहात."

"मले तरी सांगाचं."

"तू पहिल्याच दिवशी भिया म्हनली. दर बोलन्यात म्हनली. मले वाटलं... थे तुहं उत्तर हाय."

"शीला," नेमसिंग म्हने. आवाज चढला नव्हता, पन त्याचंच जास्त भेव वाटलं. "बापासमोर गोत विचारली तू. विचारलं म्हंजे काय होते, माहीत हाय ना?"

"माहीत हाय, बा. म्हनूनच विचारलं."

आता नेमसिंग बादलकडं वळला. वरून खाली पाह्यलं, खालून वर पाह्यलं. "आन् तू? पोरीसाठी आलता का डब्बा विकाले?"

"डब्बा तर ऑटोत पाठवता आला असता, काकाजी."

नेमसिंगनं फोन उचलला. "तुम्ही तुमची मोजनी करा. मले बोलाचं हाय." आन् दार ओढून बाहेर गेला.

दिग्रसवाल्यायले रस्ता सांगाले गेला, का अजून काई सांगाले, थे त्याच्या तोंडावर काईच दिसत नव्हतं. बादलनं शीलाकडं पाह्यलं. तिनं मान हलवली. त्यानं बटन दाबलं.

'हूंऽऽऽ.'

बोलता येत नव्हतं, हलता येत नव्हतं. बंद खिडकीच्या काचेतून अंगनातला नेमसिंग दिसत होता. ओठ हलून राह्यले होते, ऐकू काईच येत नव्हतं. त्यानं एक हात लांब केला — हा तर तांड्याच्या फाट्याकडं झाला, रस्ता सांगून राह्यला का काय... शीलाच्या तोंडावरचा रंग उडाला. दुसरा स्पीकर. तिसरा. नेमसिंग थांबला, बराच वेळ नुसता ऐकत राह्यला. मंग त्यानं फोन कान आन् खांद्यात दाबला, आन् समोर कोनीच नसताना दोन्ही हात जोडले. मान खाली घालून, माफी मागतात तसे.

शीलानं तोंडावर हात ठेवला, आवाज निघाले नको म्हनून. बादल जागचा हलला नाई. फक्त त्याचा हात सोफ्याच्या पाठीवरून, माइकच्या मागून, हळूहळू सरकत गेला आन् तिच्या बोटांपाशी थांबला. तिनं आपली बोटं काढली नाई.

पाचवा स्पीकर वाजून झाला. टीव्हीवर सारं जुळल्याचं आलं, खाली स्पीकरायची गिनती आली. आमचे स्पीकर पाच. गिनती आली सहा. बादलची छाती एवढ्या जोरानं वाजून राह्यली होती का मशीननं तिलेही धरलं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. चष्मा नव्हता, पन पाह्यलं.