पाठमोरी

पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी मी चित्रं काढतो. या वेळी प्रकाशकाला पंखवाली परी हवी होती, पाठमोरी. पंख मनानं काढता येतात, पाठ नाही. त्यासाठी समोर माणूस बसावा लागतो. आजवर बायको बसायची. ती गेली, म्हणून तिची धाकटी बहीण तयार झाली.

"पाठच छापणार होतात तर मी तोंड कशाला धुतलं, भाऊजी?" चादर खांद्यांखाली गुंडाळून स्टुलावर बसत ती म्हणाली. उद्या त्याच जागी बसता यावं म्हणून तिच्या पावलांभोवती मी खडूनं रेघ ओढली.

दोघी बहिणींची पाठ सारखीच. शेवटच्या आजारात बायको भिंतीकडे तोंड करून पडायची, मला तिचं दुखणं दिसू नये म्हणून. गेली तीही तशीच. मला पाठच दिसली.

दुसऱ्या दिवशी चित्रातली मान जराशी वळलेली होती. कानाची पाळी दिसत होती. ती मी काढली नव्हती.

"काल हललीस तू."

"छे हो! नाकाला खाज सुटली तरी हात उचलला नाही."

पावलं खडूच्या रेघेत नीट बसत होती. माझाच हात चुकला असेल, असं म्हणून मी सुरीनं ओला रंग खरवडला आणि मान सरळ केली.

सकाळी कान परत आला होता. सोबत गालही. मेहुणीचे गाल भरलेले आहेत. हा गाल बसलेला होता.

ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. थट्टा विसरली.

"ही ताई आहे."

"रंग ओघळलाय."

"भाऊजी, वळतेय ती. वळू द्या ना."

"त्यांना पाठमोरी हवी आहे," मी म्हणालो. आणि खरवडलं.

मग ओठाचा कोपरा आला. काही सांगायच्या आधी उघडतो, तसा.

तो चेहराच तर मला बघायचा होता. पण हात सुरीकडे गेला. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू?

खरवडलं. वरून दाट केस रंगवले.

त्यानंतर मान वळली नाही.

मेहुणी येईनाशी झाली. चित्र मी प्रकाशकाला दिलेलं नाही. चित्रापुढे खुर्ची टाकून बसतो. "वळ गं," म्हणतो. "आता नाही खरवडणार."

पाठ तशीच राहते.

काल चित्र उचलून उलटं केलं. मागचं कापड कोरं आहे. तिथे मी कधी ब्रश लावलेला नाही.

चेहऱ्याच्या उंचीवर, शेजारी शेजारी, दोन ओले डाग होते.

रंगातलं तेल झिरपलं असेल म्हणून बोट लावलं.

पाणी होतं. कोमट.