आत्याच्या नाडीचं झबलं

रेवा रडायला लागली की ऋजुता तिला आधी मांडीवर घेई, मग खांद्यावर, आणि शेवटी हरून कपाटातलं पिवळं झबलं काढी. ते अंगात गेलं की चार महिन्यांची रेवा लगेच शांत झोपे.

रीतीप्रमाणे बारशाचं हे झबलं आत्यानं, म्हणजे ऋजुताच्या नणंदेनं, शाल्मलीनं शिवलं होतं. गळ्याभोवती पानांची वेल, तीही स्पंदनधाग्याची. कापड धरणाऱ्या बोटांची नाडी शाल्मलीचं नवं मशीन टिपायचं आणि धाग्यात उतरवायचं. अंगाची ऊब लागली की धागा त्याच ठेक्यात आवळे, सैल होई. बाळालाच कळावा इतका हलका.

"बघा वहिनी, आत्या घरात नसली तरी कामाला येते," शाल्मली म्हणायची.

ऋजुता हसायची. नऊ महिने पोटात कुणाची नाडी ऐकली होती रेवानं?

एका सकाळी शाल्मली कामावर गेली तशी ऋजुतानं मशीन उघडलं. पहिलं झबलं साध्या टिपेनं शिवलं. हात घालताना कापड ताणलं आणि टीप तटकन तुटली. मग दुसऱ्याला तिनं ताणाचा टाका लावला. सुई दोनदा पुढे, एकदा मागे. शिवण कापडाबरोबर ताणत होती. गळ्याला तीच स्पंदनधाग्याची वेल, फक्त जास्त रुंद. शाल्मली मध्येच परतेल या धास्तीनं शिवताना तिचं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं आणि बोटं कापडावर. शेवटी तिनं पिवळ्या झबल्यावरची वेल उसवून टाकली आणि नवं झबलं दिवसभर रेवाच्या अंगात ठेवलं.

संध्याकाळी शाल्मली आली. "नवीन? छान जमलंय. कापड ओढलंत जरा, कड लाटा मारतेय. मशीनला नेऊ द्यायचं असतं. आणि पिवळं?"

"धुवायला टाकलंय."

रेवा रडत नव्हती. झोपलीही नव्हती. शाल्मलीनं हात पुढे केले, तशी तिनं आईची ओढणी मुठीत धरली. शाल्मली स्वयंपाकघरात गेली, रेवाची नजर मागोमाग गेली. ती परतली, नजरही परतली.

"अशी काय बघतेय गं?" शाल्मली हसली. "अगदी वहिनींसारखी."

ऋजुतानं घाईघाईनं झबलं काढलं. रेवा उघडी झाली, पण मूठ सुटली नाही आणि डोळे आत्यावरच राहिले.

धागा उसवता येतो. दिवसभरात अंगात मुरलेलं कशानं उसवायचं?