तीन मावळे आणि पन्नास गोट्या

एकही लढाई न हरता कुणी अख्खं युद्ध हरू शकतं का? काहीतरीच वाटतं ना? पण इल्मा ग्रहाच्या ओर्ग सेनापतीचं नेमकं हेच झालं होतं, आणि बिचाऱ्याच्या डोक्यातून ते काही केल्या जाईना.

सन २०८४ची दिवाळी. कस्तुरीची आत्या परग्रहांवरच्या भाषांची अभ्यासक, म्हणून हा पाहुणा भोरला त्यांच्या घरी उतरला होता. अंगणात कस्तुरी मातीचा किल्ला करत होती. ओर्ग शेजारी उकिडवा बसला आणि गळ्यातल्या दुभाषी यंत्रातून (आपलं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगणारं यंत्र) मन मोकळं करू लागला. त्याच्या फौजेने एका चिमुकल्या चंद्रावर चढाई केली, बारा वर्षं प्रत्येक लढाई जिंकली आणि शेवटी हात हलवत परत आली. उद्या त्याच चंद्रावर दुसरी फौज निघणार होती. तिच्यात त्याची लेक होती.

कस्तुरीला गलबलून आलं. तिने पन्नास गोट्या त्याच्यापुढे ओतल्या. हे त्याचे सैनिक, तिचे फक्त तीन मावळे, आणि किल्ला त्याने राखायचा.

ओर्गने बुरूज, वाटा, विहीर, कोठारं, सगळीकडे एकेक गोटी ठेवली. कस्तुरीने तिन्ही मावळे एका कोठारावर आणले. तिथे गोटी एकच, ती गेली. चिडून त्याने उरलेल्या सगळ्या तिकडे लोटल्या, तोवर मावळे विहिरीवर.

मग तिने समजावलं. हे असममित युद्ध (दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसलेलं युद्ध). थोडे असतात ते समोरासमोर भिडतच नाहीत. जागा आणि वेळ ते ठरवतात, रसद (फौजेचं अन्नपाणी) तोडतात. बलाढ्याला मात्र सगळीकडे पहारा लागतो. सह्याद्रीत गनिमी कावा असाच चालला, व्हिएतनामच्या जंगलातही. ओटीवरून आत्या म्हणाली की यात मजा नसते हं, थोड्यांचीही घरं जळतात, माणसं मरतात.

"त्यांना तुम्हाला हरवायचं नव्हतंच, काका," कस्तुरी म्हणाली. "नुसतं टिकायचं होतं. तुम्ही दमलात की झालं."

"मग ते का नाही दमले?"

तिने जरा विचार केला. "दमले असतील. पण जाणार कुठे? त्यांचं घरच ते."

ओर्गने आत्याकडून संदेशयंत्र मागून घेतलं आणि फौज थांबवण्याचा हुकूम दिला. पलीकडून एक तरुण आवाज वैतागून कारण विचारत होता. त्याने एवढंच सांगितलं, की घरी ये, मग बोलू.

आता त्या चंद्रावरच्या लोकांना पत्र लिहायचं होतं. सुरुवात कशी करू, त्याने कस्तुरीलाच विचारलं.

"आधी सॉरी म्हणा," ती म्हणाली.

ओर्गने तेच लिहिलं.