उजव्या खांद्याशी

पंचवटीतल्या दुकानदारांना महेश स्वतःची ओळख कॉम्प्युटरचा डॉक्टर अशी करून देतो, आणि त्याचं सगळं वैद्यक एका वाक्यात मावतं: बंद करून चालू करा. हसू नका. बहुतेक रोगी तेवढ्यावर उठून बसतात.

त्या दिवशी दुपारी जेवून, बडीशेप चघळत तो पेठ रोडला संध्याताईंकडे गेला. ताई शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देतात. घरात दोन कॉम्प्युटर, एक खाली हॉलमध्ये, दुसरा वर गच्चीशेजारच्या खोलीत. खाली केलेलं काम वरही दिसावं म्हणून दोन्ही एकाच खात्यावर चालतात. तक्रार फोनवरच कळली होती. दोन्हींवरचे आयकॉन सारखे दिसत नाहीत.

“एवढंच ना ताई? तुमचा चहा गाळून होईपर्यंत होतंय.”

त्याने आधी खालचा पाहिला. स्क्रीनवर घरच्यांचा फोटो होता, सुरगाण्याकडे भाचीच्या लग्नाला गेले होते तेव्हाचा. सगळे एका रांगेत उभे. ताई रांगेत डावीकडून पहिल्या, आणि त्यांच्या उजव्या हाताला, स्क्रीनच्या डाव्या कडेपर्यंत, गोठ्यासमोरचं नुसतं रिकामं अंगण. प्रश्नपत्रिकांचे ढीगभर आयकॉन, पण एकही कुणाच्या अंगावर नाही. सगळे त्या अंगणात दाटीवाटीने बसवलेले.

“माणसांच्या तोंडावर डबे ठेवायचे नाहीत, हा माझा नियम,” ताई म्हणाल्या. “वरही मीच लावलेत. अगदी असेच.”

जिना चढताना महेशला ओल्या पेंढ्याचा वास आला. सिमेंटच्या घरात पेंढा कुठून, असं एकदा त्याच्या मनात आलं, पण तो पोटभर जेवलेला माणूस होता. त्याने फार खोलात जायचं टाळलं.

वरच्या खोलीत ताई खुर्चीत बसल्या त्या उजवा खांदा भिंतीला घासून. महेशने आधी मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो घेतला. हात लावण्याआधी रोग्याचा फोटो काढायचा, ही त्याची पद्धत. मग नीट पाहिलं.

फोटो तोच. पण अंगणातले आयकॉन भांग पाडावा तसे दुभंगले होते. मध्ये एक उभी फट. वर अरुंद, खांद्यापाशी रुंद, खाली पायांपर्यंत गेलेली. फट आणि ताई यांच्यामध्ये आयकॉनच्या जेमतेम दोन उभ्या ओळी.

“आधी अगदी कडेला होती,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “मी आयकॉन ओढून ती भरते. मग बघावं तर… एक ओळ अलीकडे सरकलेली.”

“पोरं खेळत असतील वर येऊन.”

“पोरगी पुण्याला. हे दिवसभर विंचूरला, कामावर. या खोलीत मी एकटीच येते, महेशभाऊ.”

“मग सोपंय. हा मॉनिटर जुना, चौकोनी. खालचा रुंद. मापं जुळत नाहीत म्हणून आयकॉन इकडेतिकडे पळतात,” असं म्हणत महेशने, गाडीवाल्याचा हात हॉर्नवर जावा तितक्या सहज, कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

“नको…” एवढंच ताईंच्या तोंडून निघालं.

स्क्रीन उजळली. फोटो आला, आयकॉन आले. आता मध्ये एकच ओळ उरली होती.

ताई भिंतीला आणखी चिकटल्या. “म्हणून तर मी सोमवारपासून बंद केला नव्हता. बंद करून चालू केला की… येतं.”

“काय येतं?”

“ते माहीत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?”

आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. पंखा मंदावत थांबला. टेबलाखाली यूपीएस टुं… टुं… करायला लागला. पेंढ्याचा वास आता चांगलाच दाटला होता, आणि त्यात जनावरांच्या अंगाची ऊब मिसळलेली.

“बॅटरी कधीची?” महेशने विचारलं.

“तुम्हीच बसवलीत.”

आपण बसवलेली बॅटरी किती टिकते, हे महेशइतकं कुणाला ठाऊक? ती संपणार, कॉम्प्युटर बंद पडणार, आणि पुन्हा चालू होईल तेव्हा मध्ये एकही ओळ नसणार.

पण गडी डगमगला नाही. फोटोच काढून टाकला तर जे काय येतंय ते उभं कुठे राहील? त्याने सेटिंग उघडली, फोटो उडवला, साधा निळा रंग टाकला आणि आयकॉन आपोआप रांगेत लावायला सांगितले. यूपीएसने एक लांब सूर काढला आणि स्क्रीन काळी झाली.

दोघं काळ्या काचेकडे बघत बसले. काचेत दोघंच दिसत होते. ताईंनी तेवढं तपासून घेतलं.

लाइट आली. निळा पडदा, आयकॉन शहाण्यासारखे रांगेत. वासही गेला होता. खाली येऊन पाहिलं तर खालचाही निळा, खातं एकच ना.

“घ्या, दोन्ही सारखे,” महेश म्हणाला. ताईंनी कितीतरी दिवसांनी सोफ्याच्या मधोमध बसून चहा प्यायला, आणि महेशने दुसरा कप मागून घेतला.

दुकानात परतल्यावर त्याने मोबाइल काढला. त्याच्या मोबाइलवर त्याचाच फोटो आहे, दुकानासमोर एकटा उभा, छाती पुढे. स्क्रीनच्या डाव्या कडेचे आयकॉन उजवीकडे सरकले होते. कडेला उभी मोकळी जागा. वर अरुंद, खांद्यापाशी रुंद.

ताईंच्या स्क्रीनचा फोटो मोबाइलमध्येच होता. तो त्याने लगेच उडवला. आणि मग, जन्माची सवय, मोबाइल बंद करून चालू केला.

हल्ली तुम्ही दुकानात गेलात तर महेश तुमचं मशीन हसतखेळत दुरुस्त करून देईल. फक्त बंद करून चालू करा असं म्हणणार नाही. त्याचा स्वतःचा मोबाइल कायम चार्जरला असतो, आणि वॉलपेपर बदलून पाहिलास का, असं विचारलं की तो विषय बदलतो. स्टूल त्याने कोपऱ्यात घेतलंय, उजवा खांदा भिंतीला लागेल असं. भिंत गार लागते म्हणून मध्ये एक उशी ठेवायचा.

गेल्या आठवड्यात पाहिलं तर उशी काउंटरखाली पडलेली. स्टूल जागच्या जागी. का काढली, म्हणून विचारलं.

“आता मावत नाही,” महेश म्हणाला.